शस्त्रक्रियेनंतरचे वृद्ध रुग्ण आणि वेदनाशामक औषधे : सोलापुरात नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकांसाठी

शस्त्रक्रियेनंतरच्या केस पेपरवर एखाद्या वेदनाशामकापुढे ‘एसओएस’ (म्हणजे गरज पडल्यास द्यावे) असे लिहिलेले असते, तेव्हा ते औषध या घडीला द्यायचे की थांबायचे, हा निर्णय डॉक्टरांनी परिचारिकेवर सोपवलेला असतो. औषध कोणते आणि किती, हे लिहिण्याचा अधिकार आपला नाही. परंतु लिहिलेले औषध समोरच्या रुग्णाला आत्ता झेपेल का, हे पाहण्याची जबाबदारी आपली आहे. सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही जबाबदारी दोन्ही बाजूंनी कठीण होते. औषध कमी पडले तर रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, अंथरुणातून उठायला तयार होत नाही, आणि त्यातून छातीत कफ साठणे, पायात गुठळी होणे, रात्री बरळणे ही मालिका सुरू होते. औषध जास्त झाले तर गुंगी येते, श्वास मंदावतो, लघवी अडते, किंवा रुग्ण बाथरूमकडे जाताना पडतो. नवीन परिचारिकेला दुसऱ्या बाजूची भीती अधिक वाटते, हे स्वाभाविक आहे. मात्र वॉर्डात प्रत्यक्षात जास्त वेळा घडते ते पहिले.

पुढे दिलेले डोस हे लिहिलेली ऑर्डर वाचताना शंका वेळेवर यावी म्हणून दिलेले आहेत, स्वतः ठरवण्यासाठी नव्हेत. आपल्या रुग्णालयाची लेखी पद्धत वेगळी असेल तर ती पाळावी.

पहिली पायरी : केस पेपर उघडून तीन गोष्टी शोधा

पहिली गोष्ट वजन. खुब्याचे हाड मोडून स्ट्रेचरवरून आलेल्या रुग्णाचे वजन कोणी केलेलेच नसते, आणि भूलतज्ज्ञांच्या तपासणीच्या कागदावर नातेवाइकांना विचारून टाकलेला अंदाज असतो. तो अंदाज असला तरी शोधून ठेवावा, कारण पुढचे बरेच हिशेब त्यावर चालतात.

दुसरी गोष्ट मूत्रपिंडांचे काम. येथे नवीन माणूस हमखास फसतो, कारण रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणारा रक्तातला टाकाऊ घटक, ‘नॉर्मल’ दिसते. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते आणि वाळलेल्या वृद्ध शरीरात स्नायूच थोडे उरलेले असतात, त्यामुळे मूत्रपिंडे थकलेली असूनही आकडा वाढत नाही. उदाहरण म्हणून मोहोळ तालुक्यातून आलेल्या ७८ वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या आजी घेऊ. त्यांचे क्रिएटिनिन १.० आहे. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रानुसार १४० मधून वय वजा करावे, म्हणजे ६२. त्याला वजनाने गुणावे, म्हणजे २६०४. त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागावे, म्हणजे सुमारे ३६. आणि रुग्ण स्त्री असल्यामुळे ०.८५ ने गुणावे. उत्तर मिनिटाला सुमारे ३१ मिलिलिटर येते; यालाच क्लिअरन्स म्हणतात. कागदावर ‘नॉर्मल’ असलेल्या या आजींची मूत्रपिंडे तरुण माणसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच काम करीत आहेत. हा हिशेब मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होतो आणि तो केस पेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेवल्यास पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरलाही उपयोगी पडतो.

आपल्याकडे यात उन्हाळ्याची भर पडते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर राहतो. घरात पडलेला वृद्ध माणूस कधी एक दिवस गावातच काढतो, मग येथे येतो, मग शस्त्रक्रियेसाठी उपाशी राहतो. वॉर्डात पोहोचेपर्यंत शरीरातले पाणी बरेच कमी झालेले असते. अशा रुग्णाची लघवी तासाला किती होते आणि तिचा रंग कसा आहे, हे पाहिल्याशिवाय सूज कमी करणाऱ्या गटातले, म्हणजे डायक्लोफेनॅकसारखे, इंजेक्शन देऊ नये.

तिसरी गोष्ट घरची औषधे. ‘बीपीची एक गोळी चालू आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. औषधांची पिशवी मागवून पाकिटे स्वतः वाचावीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, लघवीची गोळी, रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी, झोपेची अल्प्राझोलम, नैराश्यावरची गोळी, दम्याचा पंप यांतली प्रत्येक गोष्ट वेदनाशामकाच्या निर्णयाला वेगळे वळण देते. बिनवेष्टनाच्या सुट्या गोळ्या आणि गुडघेदुखीच्या पुड्या यांची चौकशी मुद्दाम आणि न रागावता करावी. त्यांत वेदनाशामक असू शकते, स्टेरॉइडही असू शकते, आणि अनेक महिने घेतलेले स्टेरॉइड शस्त्रक्रियेच्या वेळी एकदम बंद झाल्यास रक्तदाब घसरू शकतो. अशी पुडी सापडली तर ती केस पेपरला लावून डॉक्टरांना दाखवावी.

दुसरी पायरी : दुखणे नीट विचारा

‘एसओएस’ या पद्धतीचा मोठा दोष असा, की ती मागणाऱ्या रुग्णासाठी बनलेली आहे, आणि आपले वृद्ध रुग्ण मागत नाहीत. ‘सोसतंय की’, ‘ऑपरेशन केल्यावर दुखणारच’, ‘सिस्टरला कशाला उगाच तरास’ ही उत्तरे वॉर्डात दिवसभर ऐकू येतात. दुखते म्हटले तर सुट्टी लांबेल, इंजेक्शनचा खर्च वाढेल, अशीही धास्ती असते. मुलगा किंवा जावई उशाशी उभा असताना बाई पोटाच्या खालच्या भागातले दुखणे सांगत नाही. म्हणून एकदा तरी नातेवाइकांना बाहेर पाठवून, पडदा ओढून विचारावे.

सोलापूरच्या वॉर्डात आणखी दोन अडचणी असतात. यंत्रमागावर उमेदीची वर्षे काढलेल्या अनेकांना कमी ऐकू येते. असा माणूस प्रश्न न कळताच मान हलवतो आणि चार्टवर ‘वेदना नाही’ अशी नोंद होते. त्याच्या समोर, उजेडात, त्याला आपले ओठ दिसतील असे उभे राहून, आवाज न चढवता सावकाश बोलावे, चश्मा आणि कानाचे यंत्र शस्त्रक्रियेनंतर लगेच परत लावून द्यावे. दुसरी अडचण भाषेची. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांतले वृद्ध मराठी समजत असले तरी कळ आली की तेलुगूतच बोलतात. अक्कलकोटकडचे आणि सीमेपलीकडून आलेले रुग्ण कन्नडमध्ये. ‘नोप्पी’ किंवा ‘नोवु’ असे कानावर पडले तर रुग्ण दुखण्याबद्दलच बोलत आहे. नातवाला दुभाषी करण्यापेक्षा ती भाषा येणाऱ्या मावशींना किंवा सहकारी सिस्टरना बोलवावे, कारण नातेवाईक आपल्या समजुतीप्रमाणे उत्तर छाटून सांगतात.

शून्य ते दहा हे माप शिकलेल्या रुग्णाला चटकन समजते. ज्यांना ते समजत नाही त्यांच्यावर लादू नये. ‘अजिबात नाही, थोडे, मध्यम, खूप, असह्य’ या शब्दांचे माप वृद्धांना अधिक सोयीचे जाते. माझ्या मते पंचाहत्तरीच्या पुढच्या रुग्णांना आणे विचारून पाहण्यासारखे आहे : ‘ऑपरेशनच्या आधीचं दुखणं सोळा आणे धरलं, तर आता किती आणे उरलंय?’ ज्यांचे बालपण आण्या-पैच्या हिशेबात गेले त्यांच्याकडून उत्तर क्षणात येते. हे काही प्रमाणित माप नव्हे, म्हणून चार्टवर शब्दांच्या मापातच नोंद करावी. पण संभाषण सुरू होण्यासाठी ते पुरते. कोणतेही माप वापरले तरी त्या रुग्णासाठी तेच पुढच्या सर्व ड्यूट्यांमध्ये वापरावे, नाहीतर तुलनाच होत नाही.

दुखण्याचे रूपही विचारावे. ‘दुखतंय का?’ याला ‘नाही’ म्हणणारा रुग्ण ‘ठणकतंय का, ओढ बसतेय का, आग होतेय का?’ याला ‘हो’ म्हणतो. आणि हा प्रश्न पडून राहिलेल्या अवस्थेत एकदा व हालचाल करताना एकदा, असा दोनदा विचारावा. शांत पडलेल्या रुग्णाला काहीच दुखत नाही आणि कुशीवर वळवताच तो ओरडतो, हे खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर नेहमीचे आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर खोकायला सांगून पाहावे. आपल्याला गाठायचे उद्दिष्ट शून्य दुखणे हे नसून रुग्णाला खोकता येणे, वळता येणे, आधाराने बसता येणे हे आहे.

स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाला बोलून सांगता येत नाही, तेथे आपले डोळेच माप होतात. ‘पेनॅड’ या मापात पाच गोष्टी पाहतात : श्वास, तोंडाने काढलेले आवाज, चेहरा, अंगाची ठेवण आणि धीर दिल्यावर शांत होणे. प्रत्येकीला शून्य ते दोन असे गुण, एकूण दहा. कपाळावरच्या आठ्या, घट्ट मिटलेली मूठ, पोटाशी ओढून घेतलेले गुडघे, हात लावताच झिडकारणे या खुणा रुग्णाचे अंग पुसताना, चादर बदलताना दिसतात. म्हणून हे निरीक्षण त्याच वेळी करावे. घरात रोज सांभाळणाऱ्या सुनेला किंवा लेकीला ‘नेहमीपेक्षा काय वेगळं वाटतंय?’ असे विचारल्यास फार नेमके उत्तर मिळते.

तिसरी पायरी : लिहिलेल्या औषधाकडे वृद्ध शरीराच्या नजरेने पाहा

पॅरासिटामॉल हा पाया. ते ‘एसओएस’ न राहता ठरलेल्या तासांनी चालू राहावे, असा आग्रह सिस्टरने राउंडमध्ये धरायला हरकत नाही, कारण त्यामुळे जड औषधांची गरज कमी होते. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे; पण शिरेतून देताना ५० किलोपेक्षा कमी वजनाला प्रत्येक वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम असा हिशेब करतात. वरच्या ४२ किलोच्या आजींना त्या हिशेबाने ६३० मिलिग्रॅम लागतात. शंभर मिलिलिटरच्या बाटलीत १ ग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असते. त्यांना ६३ मिलिलिटरच पुरे आहे. पूर्ण बाटली लावून ‘मध्येच बंद करू’ असे ठरवले तर ते रात्रीच्या गडबडीत राहून जाते. डॉक्टरांकडून डोस मिलिग्रॅममध्ये लिहून घ्यावा आणि जास्तीचे ३७ मिलिलिटर बाटली जोडण्याआधीच काढून टाकावेत. कुपोषित, यकृताचा आजार असलेल्या किंवा दारूची सवय असलेल्या वृद्धांना दिवसाची मर्यादा याहून खाली आणतात. तोंडाने औषध सुरू झाले की आणखी एक खड्डा असतो : ॲसिक्लोफेनॅक किंवा ट्रॅमाडॉलच्या जोडगोळ्यांत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असते, आणि वर ताप आला म्हणून वेगळी गोळी दिली जाते. पाकिटावरची बारीक अक्षरे वाचून दिवसाची बेरीज करावी.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, केटोरोलॅक हा गट हाडाच्या दुखण्यावर गुणकारी आहे, आणि म्हणूनच तो सवयीने लिहिला जातो. मूत्रपिंडाचा त्रास, हृदयाची कमजोरी, अल्सर, रक्त पातळ करणारे औषध, किंवा रॅमिप्रिल-टेल्मिसार्टन गटातली गोळी आणि लघवीची गोळी एकत्र चालू असणे, यांपैकी काहीही असेल तर सुई भरण्याआधी डॉक्टरांना विचारावे. पासष्टीच्या पुढे केटोरोलॅकचा एक डोस १५ मिलिग्रॅम आणि दिवसाची मर्यादा ६० मिलिग्रॅम धरतात, व पाच दिवसांपलीकडे ते चालवत नाहीत. ऑर्डरमध्ये सवयीने ३० मिलिग्रॅम लिहिलेले दिसले तर विचारण्यात संकोच करू नये.

ट्रॅमाडॉल ‘सौम्य’ आहे अशी समजूत वॉर्डात रूढ आहे. वृद्धांना त्याने मळमळ, चक्कर आणि गोंधळलेपण येते, सोडियम कमी होऊ शकते, फिट येण्याचा धोका वाढतो, आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर दिल्यास थरथर, घाम, ताप, बेचैनी असा गंभीर त्रास उद्भवू शकतो. पंचाहत्तरीनंतर दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर ते जात नाहीत, आणि मूत्रपिंडे मंद असतील तर दोन डोसमधले अंतर वाढवतात. शिरेतून ढकलून देऊ नये, सावकाश द्यावे.

पेंटाझोसिन आणि प्रोमेथाझिन ही जोडी, म्हणजे वॉर्डातले ‘फोर्टविन-फेनर्गन’, याबद्दल मी स्पष्टच लिहिते : वृद्ध रुग्णाच्या कागदावर ती दिसली की फोन उचलावा. पेंटाझोसिनने भास होऊ शकतात, प्रोमेथाझिनने तोंड कोरडे पडते, लघवी अडते आणि बुद्धीवर झापड येते. ‘शांत झोपले’ असे रात्रीच्या नोंदीत लिहिले जाते आणि पहाटे तेच आजोबा सलाईन उपटून उभे असतात. पेथिडीनचेही तसेच; त्याचा उरलेला घटक मंद मूत्रपिंडांत साठतो आणि झटके आणू शकतो.

मॉर्फिन आणि फेंटानिल या अफूगटाच्या औषधांना घाबरून दूर ठेवण्याचे कारण नाही. डोस थोडा, मध्ये अंतर आणि जवळून लक्ष, एवढे पाळल्यास ती वृद्धांनाही देता येतात. मॉर्फिन शिरेतून देताना अशा रुग्णांत सहसा १ ते २ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. अँप्युलवर १० मिलिग्रॅम आहे की १५, हे दोघींनी वाचून मगच सौम्य करावे. मॉर्फिनचे घटकही मूत्रपिंडांवाटे जातात, त्यामुळे वरच्या आजींसारख्या रुग्णाला डॉक्टर बहुधा फेंटानिल पसंत करतील. सुरुवातीपासूनच बद्धकोष्ठावरचे औषध लिहून घ्यावे. इसबगोल पुरेशा पाण्याविना कामाचे नाही आणि अफूगटाच्या औषधांबरोबर ते एकटे पुरत नाही.

कातडीवर चिकटवायच्या औषधी पट्ट्यांबाबत सोलापुरात विशेष काळजी हवी. फेंटानिलची पट्टी शस्त्रक्रियेनंतरच्या ताज्या दुखण्यासाठी नाही. ती आधीपासून अफूगटाची औषधे चालू असलेल्यांसाठी असते आणि ७२ तास चालते. ब्युप्रेनॉर्फिनची पट्टी सात दिवसांची असते. दोन्हींतून उष्णतेमुळे औषध जास्त वेगाने अंगात शिरते. मे महिन्यात पत्र्याच्या छताखालच्या घरात, अंगात ताप असताना, किंवा नातेवाइकांनी प्रेमाने शेकायला दिलेल्या गरम पाण्याच्या पिशवीखाली ही पट्टी धोक्याची होते. भरती होतानाच पाठ, दंड, छाती पाहून जुनी पट्टी आहे का ते तपासावे. ‘काही औषध चालू आहे का’ या प्रश्नाला पट्टी हे उत्तर कोणी देत नाही.

स्पायनल (कण्यातून दिलेली भूल) किंवा नसेचा ब्लॉक (ठरावीक नस बधिर करणे) दिला असेल तर तो उतरण्याची वेळ भूलतज्ज्ञांना विचारून ठेवावी आणि पॅरासिटामॉल ती वेळ येण्याआधीच चालू असावे. ठणका उसळल्यावर त्याला खाली आणायला जास्त औषध लागते. स्पायनलमध्ये मॉर्फिन मिसळले असल्यास श्वास उशिरा, अगदी २४ तासांपर्यंतही मंदावू शकतो, म्हणून ही गोष्ट ऑपरेशन थिएटरमधून रुग्ण घेतानाच तोंडी विचारावी. एपिड्यूरल (पाठीतल्या बारीक नळीतून दिले जाणारे औषध) चालू असेल तर रक्तदाब आणि पायांची ताकद पाहत राहावे. प्रीगॅबालिन व गॅबापेंटिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधांनी गुंगी वाढते, विशेषतः अफूगटाच्या औषधाबरोबर, इतके लक्षात असले तरी पुरे.

चौथी पायरी : द्या, थांबा, की फोन करा

अफूगटाचे किंवा गुंगी आणणारे कोणतेही औषध देण्यापूर्वी श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय येथे चालत नाही, कारण वृद्धांचा श्वास अनियमित असतो. त्यानंतर गुंगी पाहावी, आणि तिला श्वासापेक्षाही जास्त महत्त्व द्यावे, कारण श्वास मंदावण्याच्या आधी गुंगी वाढते. रुग्ण जागा आहे किंवा हाक मारताच नीट बोलतो, तर डोस देता येईल. बोलता बोलता वाक्य अर्धवट टाकून डोळे मिटत असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवावे, मग तो दुखते म्हणत असला तरी. हलवूनही नीट उठत नसेल किंवा श्वास मिनिटाला दहाच्या खाली असेल तर ही तातडीची वेळ आहे : हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करावा, ऑक्सिजन लावावा, मदत बोलवावी, अफूगटाच्या औषधाचा परिणाम उतरवणारे नॅलोक्सोन तयार ठेवावे. ४०० मायक्रोग्रॅमची एक अँप्युल सलाईनने १० मिलिलिटर करतात आणि ऑर्डरप्रमाणे एकेक मिलिलिटर देतात, म्हणजे श्वास परततो पण दुखणे एकदम उसळत नाही. नॅलोक्सोनचा परिणाम मॉर्फिनपेक्षा लवकर ओसरतो. रुग्ण जागा झाला म्हणून बेडपासून हलू नये. आणखी एक : ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाच्या बोटावरचा आकडा ९८ दिसतो आणि श्वास मात्र मंद पडत असतो. त्या आकड्यावर विसंबू नये.

दुखणे ही कधी कधी खबर असते. काल कमी झालेले दुखणे आज वाढले, पोट ताठ झाले, नाडी वाढली. प्लास्टर घातलेल्या पायाची बोटे ताणताच असह्य कळ आली. एका पोटरीला सूज आली. साखरेच्या रुग्णाला पोटाच्या वरच्या भागात दाब व घाम सुटला. अशा वेळी डोस वाढवून मागण्यासाठी नव्हे, तर रुग्ण येऊन पाहण्यासाठी फोन करावा.

फोनवर काय बोलायचे हे आधी कागदावर लिहून घ्यावे. रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या निवासी डॉक्टरांना ‘सर, पेशंट ओरडतोय’ एवढेच सांगितले तर उत्तरही तसेच मिळते. त्याऐवजी असे सांगावे : ‘सर, फिमेल ऑर्थोतून सिस्टर बोलतेय. बेड नऊच्या आजी, वय ७८, वजन ४२, काल खुब्याचं ऑपरेशन झालंय. पडून असताना दुखणं थोडं आहे, पण वळवताना असह्य म्हणतायत. पॅरासिटामॉल दहा वाजता दिलंय. श्वास १६, पूर्ण जाग्या आहेत, बीपी १३०/८०. क्रिएटिनिन १ आहे, पण क्लिअरन्स ३१ येतो आणि टेल्मिसार्टन चालू आहे, म्हणून एसओएस डायक्लो दिलेलं नाही. दुसरं काही देता येईल का, की तुम्ही बघून जाल?’ दूरध्वनीवरची ऑर्डर परत वाचून दाखवावी, वेळ टाकून लिहावी आणि सकाळी सही घ्यावी.

पाचवी पायरी : पुन्हा बेडपाशी जा

औषध दिल्याची टिक झाली की काम संपले असे मानले जाते, आणि वेदना-व्यवस्थापन बहुतेक ठिकाणी याच जागी मोडते. शिरेतून दिल्यानंतर १५ ते ३० मिनिटांनी आणि तोंडाने दिल्यानंतर सुमारे तासाभराने परत जाऊन तेच माप, श्वास आणि गुंगी पाहावी. चाळीस-पन्नास रुग्णांच्या वॉर्डात दोन सिस्टरना हे सगळ्यांसाठी जमत नाही, हे मान्य आहे. म्हणून निदान सत्तरीच्या पुढचे आणि अफूगटाचे औषध मिळालेले रुग्ण हँडओव्हरच्या कागदावर वेगळ्या रंगात लिहून ठेवावेत आणि शक्य असल्यास नर्सिंग स्टेशनसमोरच्या बेडवर घ्यावेत. नोंदीत ‘इंजेक्शन दिले’ याऐवजी ‘वळवताना असह्य होते, चाळीस मिनिटांनी मध्यम, हाकेला लगेच उत्तर’ असे लिहिले तर पुढच्या माणसाला निर्णय घेता येतो.

फिजिओथेरपिस्ट येण्याआधी अर्धा-पाऊण तास औषध पोहोचलेले असावे. खोकताना पोटावर घट्ट दाबून धरायला उशी नसेल तर चादरीची घडी चालते, आणि आपल्या गावच्या जाड चादरीची घडी उशीपेक्षा बरी. पोटरी चोळून देणाऱ्या नातेवाइकांना मात्र थांबवावे. गुठळी असेल तर ती सुटू शकते.

रात्री बरळणारा रुग्ण

वृद्ध रुग्ण रात्री अचानक गोंधळला, नळ्या ओढू लागला, तर शेजारच्या बेडचे नातेवाईक लगेच म्हणतात, ‘सिस्टर, झोपेचं द्या.’ त्याआधी ओळीने पाहायचे ते असे : ऑक्सिजन, साखर, रक्तदाब, ताप. मग ओटीपोटावर हात ठेवून मूत्राशय फुगले आहे का. कॅथेटर असेल तर ती वाकली आहे का. मग सलाईनचा हात सुजला आहे का, पोट कधी साफ झाले, गेल्या चोवीस तासांत कोणती नवीन औषधे सुरू झाली. आणि शेवटी, किंबहुना बरोबरीने, दुखते आहे का. न मिटलेले दुखणे आणि दुखण्याचे औषध या दोन्हींमुळे बरळणे येते, त्यामुळे वेदनाशामक सरसकट बंद करणे हे उत्तर नव्हे. चार्ट पाहिल्यावर पुष्कळदा असे दिसते की संध्याकाळचे पॅरासिटामॉल ‘रुग्ण झोपलेला’ म्हणून राहून गेले होते. हातपाय बांधू नयेत; ओळखीच्या माणसाला उशाशी बसवावे, दिवा मंद ठेवावा, चश्मा लावावा, वेळ-ठिकाण सांगत राहावे.

कपाट आणि रजिस्टर

मॉर्फिन, फेंटानिल, पेथिडीन ही औषधे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या, कायद्याखाली येतात. २०१४ च्या दुरुस्तीने रुग्णालयांसाठी मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी औषधे मिळवण्याची वाट सोपी झाली. ट्रॅमाडॉलही २०१८ पासून या कायद्याच्या कक्षेत आहे. दुहेरी कुलूप, ड्यूटी बदलताना दोघींनी मिळून मोजणी, उरलेले औषध साक्षीदारासमोर टाकणे व रिकामी अँप्युल जमा करणे, याबाबत इन्चार्ज सिस्टर सांगतील तसे तंतोतंत करावे. हिशेब जुळत नसेल तर ड्यूटी सोडू नये.

घरी जाताना

सुट्टीच्या कागदावरची औषधे इंग्रजीत असतात आणि घरी ती देणारी व्यक्ती बहुधा सून किंवा नातू असतो. त्यांना समोर बसवून प्रत्येक पाकिटावर मार्करने सूर्य आणि चंद्र काढून द्यावेत, आणि त्यांच्याकडून परत सांगून घ्यावे. डायक्लोफेनॅक गटातली गोळी दिली असेल तर किती दिवसांनी बंद करायची ती तारीख लिहावी, नाहीतर तेच पाकीट गावातल्या मेडिकलमधून महिनोन्‌महिने आणले जाते. घरातली जुनी गुडघ्याची गोळी यासोबत चालणार नाही, हे नाव घेऊन सांगावे. पट्टी लावून पाठवत असल्यास काढण्याचा दिवस आणि वेळ पट्टीवरच लिहावी, काढल्यावर ती चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकायला सांगावी, आणि त्या जागी शेक, बाम किंवा ऊन नको हे दोनदा सांगावे. लघवी कमी होणे, काळी शौच, दिवसा उठवूनही नीट जाग न येणे, नवीन गोंधळ किंवा जखमेचे वाढते दुखणे यांपैकी काही झाल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता यावे; मंगळवेढा-सांगोल्याहून येणाऱ्यांना शेवटच्या एसटीची वेळ आड येते, तेव्हा त्यांना जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाचे नाव आणि आपल्या वॉर्डाचा नंबर त्याच कागदावर लिहून द्यावा.